पंप स्थिर, इमारत अस्थिर

आमच्या गच्चीवर पाण्याचा दाब वाढवणारा एक पंप आहे. इमारतीत कुणीही, कुठल्याही मजल्यावर नळ सोडला की तो आपोआप सुरू होतो. आणि तो सुरू झाला की त्याच्या बरोबर खाली असलेलं आमचं घर थरथरतं. कपबशा किणकिणतात, खिडकीची तावदानं दात वाजवतात आणि बाबांच्या टेबलावरचा स्क्रू चालायला लागतो.

हा स्क्रू साधासुधा नव्हे. बाबा घड्याळजी आहेत. मनगटी घड्याळातला स्क्रू डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दिसत नाही आणि हरवल्यावर भिंग लावूनही दिसत नाही. बाबांनी चाळीस वर्षं असले स्क्रू चिमट्यात धरून जागच्या जागी बसवले. गेल्या वर्षभरात मात्र ते बसेनात. चिमट्यातून सुटायचे, टेबलावरून घरंगळायचे, आणि मग आई, बाबा आणि मी असे तिघं फरशीवर रांगायचो. पाहुणे आले तर त्यांनाही बसा म्हणायच्या आधी रांगा म्हणावं लागे. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे येणं थांबलं. पंपाचा एवढा एकच फायदा.

"पंप," बाबा म्हणायचे. एकच शब्द, पण त्यात शिवी, शाप आणि वैद्यकीय निदान असं सगळं असायचं.

"बाबा, आत्ता तर पंप बंद होता," मी एकदा म्हणालो.

"बंद होताना जास्त हलतो तो."

"बंद होऊन दहा मिनिटं झाली."

"मग हादरा मुरत असेल भिंतीत. तुला काय कळतंय?"

एका रविवारी सकाळी पाहतो तर बाबा हत्यारं पुसून एकेक करून डब्यात ठेवत होते. चिमटे, भिंगं, बारके स्क्रूड्रायव्हर. त्यांनी जाहीर केलं, "महिनाभर बघतो. पंप नाही थांबला तर टेबल बंद. हत्यारं कुणा होतकरू माणसाला देऊन टाकीन."

आईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"टेबल बंद झालं तर हा माणूस दिवसभर माझ्यामागे इथे फिरेल. काल अर्धा तास मोकळे होते, तर माझे सगळे डबे उंचीनुसार लावले. मला मीठ सापडेना."

"मग मी काय करू?"

"काहीही कर. त्यांना त्या टेबलावर बसव." मग जरा थांबून, ओट्यावरून फडका फिरवत म्हणाली, "चाळीस वर्षं त्या खुर्चीत बघितलंय रे त्यांना. दुसरीकडे कुठे बसलेले मला ओळखूही येणार नाहीत."

मी कुरियर कंपनीत काम करतो. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं खातं. म्हणजे तक्रार कशी परतवून लावायची याचं मला रीतसर प्रशिक्षण आहे. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' हे वाक्य मी दिवसातून साठ वेळा लिहितो आणि आजवर एकदाही कुणाची भावना समजलेली नाही. तेव्हा मला वाटलं, तक्रार परतवणारा माणूस तक्रार करायला निघाला तर त्याला कोण अडवणार? चोराला कोण लुटणार?

पहिली पायरी, इमारतीचे सेक्रेटरी. यांना सगळे ठरावकाका म्हणतात, कारण ठराव झाल्याशिवाय ते जिन्यातला दिवासुद्धा बदलत नाहीत.

"पंप हलतो असा ठराव नाहीये आपल्याकडे," ते म्हणाले.

"काका, ठराव नसला तरी तो हलतो."

"ते तुझं वैयक्तिक मत झालं. मला तर तळमजल्यावर काहीच जाणवत नाही." ठरावकाका तळमजल्यावरच राहतात. "तू असं कर, नगरपालिकेला लिही. त्यांनी हलतो म्हटलं की आपण हलतो असा ठराव करू."

नगरपालिकेत तीन नंबरच्या खिडकीत एक मॅडम बसतात. त्यांनी माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाल्या, "पुरावा?"

"मॅडम, तुम्ही येऊन बघितलंत तर..."

"पुरावा असल्याशिवाय बघायला येता येत नाही. आणि बघायला आल्याशिवाय आम्ही पुरावा धरत नाही. व्हिडिओ जोडा."

मी गच्चीवर गेलो, फोन काढला आणि पंपाचा व्हिडिओ घेतला. आता गच्ची हलतेय, गच्चीवर मी हलतोय, माझ्या हातात फोन हलतोय आणि फोनमध्ये पंप हलतोय. व्हिडिओ बघताना आईला मळमळलं. तरी मी तो जोडला. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'चित्र अस्थिर असल्याने कंपनाची खातरजमा होत नाही. कंपन स्पष्ट दिसेल असा स्थिर व्हिडिओ सादर करावा.'

असा माणूस माझ्या खात्यात हवा होता, असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं. काकूंना इमारतीतलं सगळं कळतं आणि कळल्यावर त्यांच्याकडे त्यावर उपाय असतोच. "श्वास रोखून घे," त्या म्हणाल्या. मी श्वास रोखून घेतला, तर व्हिडिओच्या शेवटी माझा धापा टाकण्याचा आवाज आला. "उशीवर फोन ठेव." उशीवर ठेवला, तर फोन पंपाकडे न बघता आकाशाकडे बघू लागला. "मग कमरेला बांधून घे." इथे मात्र मी माझा स्वाभिमान मधे आणला.

माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं मार्ग सांगितला. व्हिडिओ स्थिर करणारी सॉफ्टवेअरं असतात, आणि त्यातलं एक तर मुक्त आहे, म्हणजे फुकट. ते कुठल्या कंपनीनं बनवलेलं नाही. जगभर विखुरलेले हौशी लोक, एकमेकांना कधी न भेटता, एकमेकांशी भांडत भांडत ते बनवतात. मला हे फार आवडलं. आमचं घराणं अगदी याच तत्त्वावर चालतं, फक्त त्यातून अजून काही तयार झालेलं नाही.

सॉफ्टवेअर उघडलं आणि विमानाच्या चालकाला बसवतात तशा खोलीत मला कुणीतरी बसवल्यासारखं वाटलं. इतकी बटणं. त्यातलं एक होतं, 'आपोआप स्थिर करा'. मी ते दाबलं. माझा लॅपटॉप जुना आहे. त्याचा पंखा असा घरघरू लागला की बाबा आतून ओरडले, "आता हा दुसरा पंप कुणी आणला?"

तीन तासांनी व्हिडिओ तयार झाला. काय स्थिर होता! पंप समाधी लावून बसल्यासारखा. पातंसुद्धा लवत नव्हतं. मी अभिमानानं तो नगरपालिकेला पाठवला. उत्तर आलं: 'व्हिडिओ स्पष्ट आहे, आभार. पंप संपूर्ण स्थिर असल्याचे दिसते. तक्रार निराधार.'

म्हणजे सॉफ्टवेअरनं माझ्या हाताच्या थरथरीबरोबर पंपाची थरथरही पुसून टाकली होती. इतकं प्रामाणिक काम की तक्रारच गेली.

"पाठवायच्या आधी बघितला नाहीस?" आईनं विचारलं.

"बघितला ना. फार छान दिसत होता."

"छान दिसायला तो नवरा मुलगा आहे का?"

महिन्यातले पंधरा दिवस गेले. बाबांनी हत्यारांचा डबा टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला. हे मला धमकीसारखं वाटलं.

मग मी सॉफ्टवेअरवाल्या हौशी लोकांच्या मंचावर जाऊन माझी अडचण मांडली: कंपन दिसायला हवं, पण थरथर नको. त्यावर चौदा जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या नऊ जणांनी मी प्रश्न चुकीच्या विभागात विचारल्याचं सांगितलं. चार जण आपापसांत भांडले. उरलेल्या एकानं नीट समजावलं: आपोआप करू नकोस, हातानं ट्रॅक कर.

हे प्रकरण असं असतं. व्हिडिओतल्या एका ठळक ठिपक्यावर एक बारकी चौकट ठेवायची. तो ठिपका पुढच्या प्रत्येक चित्रात कुठे कुठे गेला, हे सॉफ्टवेअर पावलापावलानं शोधत जातं. मग त्याला सांगायचं, 'हा ठिपका जागचा हलत नाही असं समज.' ते लगेच समजतं, वाद घालत नाही. तो ठिपका जागेवर राहावा म्हणून मग ते बाकीचं सगळं जग इकडून तिकडे सरकवतं. आमच्याकडे लग्नाकार्यात हेच काम मोठी आत्या करते. ती एका खुर्चीत स्थिर असते आणि बाकीचं कार्यालय तिच्याभोवती हलतं.

त्या भल्या माणसानं शेवटी लिहिलं होतं, 'आधी तुमच्या व्हिडिओत न हलणारी गोष्ट कोणती, ते ठरवा.' मला ते जरा तत्त्वज्ञानाकडे झुकणारं वाटलं. म्हणून मी ते सोडून दिलं.

मी ठळक ठिपका शोधला. गच्चीची भिंत करडी, टाकी करडी, आकाश करडं. सगळ्यांत ठळक होता पंपाच्या अंगावरचा लाल बोल्ट. त्यावर मी चौकट ठेवली. सॉफ्टवेअरनं तो इमानदारीनं पकडला. स्थिर करायला सांगितलं. या वेळी पडद्यावर काहीतरी हलताना दिसलं. इतक्या दिवसांनी काहीतरी हलतंय, याचाच मला एवढा आनंद झाला की काय हलतंय हे बघायचं राहून गेलं. मी व्हिडिओ पाठवला आणि सरळ ऑफिसला गेलो. तिथे एका बाईंना, त्यांचा टी-सेट फुटलेल्या अवस्थेत पोचल्याबद्दल, त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो असं कळवलं.

चौथ्या दिवशी घरी परतलो तर इमारतीच्या दाराशी ही गर्दी. दारावर नोटीस चिकटवलेली:

'सादर व्हिडिओवरून सदर इमारत, तिची गच्ची, कठडा व पाण्याची टाकी ही लक्षणीय प्रमाणात हलत असल्याचे निदर्शनास आले आहे. पंप मात्र भक्कम आहे. रहिवाशांनी सात दिवसांत इमारत रिकामी करावी. पंपास कोणत्याही प्रकारे धक्का लावू नये.'

मी घाईघाईनं फोनवर माझाच व्हिडिओ उघडला. मधोमध पंप, डोंगरासारखा अचल. आणि त्याच्याभोवती आमची इमारत अंगात आल्यासारखी घुमत होती. टाकी डोलत होती, कठडा नाचत होता, लांबवरची पाच घरं आणि एक झाडही ठेका धरून होतं. कडेला काळ्या पट्ट्या कधी डावीकडून आत यायच्या, कधी उजवीकडून. जणू अंधारच दाराआडून डोकावून बघत होता.

"हा व्हिडिओ कुणी पाठवला?" ठरावकाका गरजले.

मी नोटीस पुन्हा एकदा वाचायला घेतली.

"तू!" काका म्हणाले. "अरे, पंपाची तक्रार करायला सांगितली होती, इमारतीची नव्हे!"

"काका, चूक झाली. इमारत हलत नाहीये. मी ठिपका चुकीचा..."

"हलत नाहीये कशी?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे सरसावल्या. "मला दोन वर्षं चक्कर येतेय. डॉक्टर म्हणतात रक्तदाब. आता कळलं. ही इमारतच हलतेय!"

माणसाला एकदा हलतंय म्हटलं की हलायलाच लागतं. तासाभरात सगळी इमारत डोलू लागली. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांची तसबीर वर्षभर तिरकी होत होती, तिचा उलगडा झाला. कुणाचा नातू परीक्षेत कमी गुण मिळवत होता, त्याचंही कारण सापडलं. आजवर काहीच न जाणवलेले ठरावकाका तळमजल्यावर भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "लागतंय. आत्ता लागलं."

संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर अर्धी इमारत पंपाभोवती सतरंज्या अंथरून बसलेली. सरकारी कागदावर भक्कम म्हणून एकाच गोष्टीची नोंद होती, आणि ती गोष्ट पंप. काकूंनी पंपावर हात ठेवला होता. पंप सुरू असल्यामुळे काकू आपादमस्तक थरथरत होत्या.

"काकू, पंप हलतोय," मी म्हणालो.

"पंप नव्हे रे, आपण हलतोय," त्या दात वाजवत म्हणाल्या. "व्व्व्व्हिडिओत बघितलं नाहीस का?"

ठरावकाकांनी इमारतीच्या कागदपत्रांची पेटी पंपाला टेकवून ठेवली होती. पंपाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारा ठराव त्याच बैठकीत एकमतानं झाला. माझ्याविरुद्धचाही झाला. त्यात एकमताला एक मत कमी पडलं, कारण आई तटस्थ राहिली.

घरात बाबा एकटेच टेबलाशी बसले होते. नोटिशीची प्रत त्यांच्यासमोर होती आणि डोळ्याला भिंग होतं.

"हे काय केलंस?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "पंप थांबवायला गेलास आणि घर घालवलंस. आता टेबल ठेवायला जागाच नाही राहणार."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नगरपालिकेत गेलो. मॅडमनी मला इंजिनियर साहेबांकडे पाठवलं. साहेब शांत गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर माझी फाइल होती आणि फाइलवर चहाचा कप होता, म्हणजे काम प्रगतिपथावर होतं.

"म्हणजे व्हिडिओ खोटा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, खराच आहे. फक्त जे हलतंय ते मी स्थिर धरलं. मग जे स्थिर होतं ते हलायला लागलं."

"पुन्हा सांगा."

"साहेब, तुम्ही मान हलवा. जोरात. आणि असं समजा की मान हलतच नाहीये."

साहेबांनी मान हलवली. थोडा वेळ हलवली. मग म्हणाले, "ऑफिस हलतंय."

"बरोबर!"

"म्हणजे हेही रिकामं करावं लागेल?"

त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की ते थट्टा करतायत की काय, हे मला आजवर कळलेलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते स्वतः आले. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला त्यांनी आधी गच्चीच्या कठड्यावर ठेवला. पाण्यावर तरंग नाही. मग तो पंपावर ठेवला आणि मला खुणेनं खाली नळ सोडायला सांगितलं. मी नळ सोडून धावत वर आलो तोवर पेला रिकामा होता आणि साहेबांची पँट भरलेली.

"पंप हलतो," साहेबांनी जाहीर केलं. गच्चीवर बसलेले रहिवासी हिरमुसले. एवढ्या श्रद्धेनं धरलेला आधार, आणि तोच थरथरा निघावा!

नोटीस मागे घेतली गेली. पंप हलतो असा ठराव झाला. मिस्त्री आला, त्यानं पंपाखाली रबराचे जाड ठोकळे बसवले, चार बोल्ट आवळले आणि बटण दाबलं. पंप सुरू झाला की नाही, हे कळायला त्याच्या अंगाला कान लावावा लागला. घरात कपबशा मूग गिळून बसल्या. तावदानांनी दातखीळ बसवून घेतली.

फाइल बंद करायला साहेबांना आता एकच कागद हवा होता. कागद म्हणजे व्हिडिओ. 'तक्रारदाराच्या वडिलांचे काम सुरळीत झाल्याचे दर्शविणारा, पूर्ण लांबीचा, स्थिर.'

रविवारी सकाळी बाबांनी डबा कपाटावरून खाली काढला. स्वच्छ शर्ट घातला. खिडकीतून उजेड नेमका टेबलावर येत होता. मी फोन तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. हे शहाणपण मला आधी का सुचलं नाही, असं आईनं विचारलं, पण तो वेगळा विषय. बाबांनी चिमट्यात स्क्रू धरला आणि घड्याळावर नेला.

स्क्रू पडला.

"नळ सोडलास का गं?" बाबांनी हाक दिली.

"सोडलाय. तुम्हीच सांगितलंत ना, पंप चालू ठेव म्हणून," आतून आई म्हणाली. "आवाज तरी येतोय का त्याचा?"

बाबांनी दुसरा स्क्रू उचलला. तोही पडला. तिसरा चिमट्याच्या टोकाशी क्षणभर थांबला, मग तोही गेला. आम्ही कुणी रांगलो नाही. बाबांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"आज उजेड बरोबर नाही," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले. भर सकाळी. आईच्या डब्यांकडेही गेले नाहीत.

मी लॅपटॉप उघडला. का, ते सांगता येणार नाही. एक चौकट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, एक चिमट्याच्या टोकावर. सॉफ्टवेअरनं दोन्ही ठिपक्यांचा माग काढला आणि खाली दोन रेघा काढून दिल्या. टेबलाची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. चिमट्याची नव्हती. ती बारीक, सारखी, न थांबता थरथरत होती.

मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसलो. भावना समजणं म्हणजे काय असतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं आणि आज रविवार नसता, मी ऑफिसात असतो, तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. मग त्या भल्या माणसाचं सोडून दिलेलं वाक्य मी स्वतःपुरतं सोडवलं. या व्हिडिओत न हलणारी गोष्ट कोणती, ते मी ठरवलं. चिमट्याचा ठिपका निवडला आणि म्हणालो, हा जागचा हलत नाही असं समज.

सॉफ्टवेअर समजलं. वाद घातला नाही.

दुपारी चहाच्या वेळी मी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. "बाबा, हे बघा. मला वाटतं दोष सापडलाय."

पडद्यावर बाबांचा हात. दगडात कोरल्यासारखा. चिमट्याचं टोक तसूभरही हलत नव्हतं. आणि त्याखाली टेबल बारीक बारीक थरथरत होतं, घड्याळ थरथरत होतं. बाबांनी व्हिडिओ एकदा बघितला. पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बघताना ते पुढे वाकले आणि पडद्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"भिंतसुद्धा हलतेय," ते म्हणाले.

मी चहा ढवळायला घेतला.

"आणि तुझ्या आईचा पाय दिसतोय दारात, तोही हलतोय."

मी चहाकडे बघत राहिलो. चाळीस वर्षं भिंग लावून बसलेल्या माणसाला व्हिडिओ दाखवायला निघालो होतो मी.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग लॅपटॉप हलकेच मिटला आणि म्हणाले, "हं. म्हणजे टेबलच."

"टेबलच," मी म्हणालो.

"जुनं झालंय."

"एवढी वर्षं झाली."

"असल्या टेबलावर मनगटी घड्याळं घेण्यात अर्थ नाही. भिंतीवरची घेतली तर चालतील. त्यांचे स्क्रू कसे, माणसासारखे असतात. हातात आले की कळतं." ते उठले आणि आतल्या खोलीतून पुठ्ठा घेऊन आले. सुबक अक्षरात लिहिलं: 'टेबल नादुरुस्त असल्याने फक्त भिंतीवरची मोठी घड्याळे स्वीकारली जातील.' आईनं तो दाराबाहेर लावला. पुठ्ठा सरळ आहे ना, हे तिनं तीनदा बघितलं.

नगरपालिकेला मी लिहून दिलं: 'पंपाबाबत पूर्ण समाधान. टेबलाबाबत घरगुती पातळीवर कार्यवाही सुरू आहे. व्हिडिओ तूर्त देता येत नाही.' मॅडमनी कागद उलटा करून मागची बाजू वाचली आणि फाइल बंद केली.

पंधरवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत अकरा भिंतीवरची घड्याळं जमली. बाबा सकाळी नऊला खुर्चीत बसतात ते जेवायलाच उठतात. सगळं मार्गी लागलं होतं. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दारावरचा पुठ्ठा वाचला, आणि वाचल्यावर त्यांना उपाय सुचला. त्यांनी परस्पर सुतार पाठवून दिला.

सुतार भला माणूस होता. त्यानं टेबलाचे चारही पाय ठोकून पाहिले, खाली शिरून सांधे तपासले, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला. मग टेबलावर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून त्यानं ते गदागदा हलवायचा प्रयत्न केला. टेबल ढिम्म.

"साहेब," तो म्हणाला, "या टेबलाला काहीच झालेलं नाही. पन्नास वर्षं जाईल अजून. नादुरुस्त आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाबांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला टेबलातलं काही कळत नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.